मिलोची भाकर, हायब्रीडचं बी आणि सुरतची गाडी

धुळ्यात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "परदेशी मदतीने टोकाची गरिबी खरंच कमी होते, की ती आर्थिक वाढीनेच कमी होते? आमच्या वर्गात दोन तट पडलेत. एक म्हणतो, मदत म्हणजे लाचारी. दुसरा म्हणतो, मदत थांबली की गरीब मरतो. तुम्ही धुळे-नंदुरबारमध्ये एवढी वर्षं काम केलंत, अनुभवावरून सांगा."

ताई, आधीच एक कबुली देतो. मी १९८८ पासून साक्री, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागात पाणलोट आणि बचत गटांच्या कामात होतो, आणि माझ्या पगाराचा बराचसा भाग कधी जर्मनीच्या, कधी आणखी कुणाच्या पैशातून आलेला आहे. त्यामुळे मदतीची बाजू घेताना माझी जीभ जरा मऊ होत असेल, ते लक्षात ठेवून वाचा.

माझं मत असं. लाखो-कोटींच्या संख्येने गरिबी हटते ती कामधंद्याने. शेताला पाणी मिळालं, हाताला बारमाही काम मिळालं, मालाला गिऱ्हाईक आलं, की घर उभं राहतं. नुसत्या बाहेरच्या पैशावर उभा राहिलेला एकही तालुका मी पाहिलेला नाही. पण जिथे बाजार पाऊल टाकायला तयार नसतो, तिथे तोच बाहेरचा पैसा थोडक्या रकमेत फार मोठं काम करून जातो. कुणाच्या हातून येतो, कशावर खर्च होतो आणि काय मागे ठेवून जातो, यावर सगळं आहे.

आकडे आधी उरकून घेऊ. जागतिक बँकेने टोकाच्या गरिबीची रेषा जून २०२५ मध्ये रोजी माणशी २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. हा डॉलर बँकेत बदलून मिळतो तो नव्हे, तो खरेदीशक्तीचा डॉलर आहे. आपल्याकडे तो साधारण वीस-बावीस रुपयांना पडतो. म्हणजे माणशी दिवसाचे साठ-पासष्ट रुपये, त्यात भाकर, तेल, कपडा, गोळ्या-औषध, एसटीचं तिकीट, सगळं आलं. या रेषेखाली १९९० मध्ये जगात सुमारे २३० कोटी माणसं होती. २०२५ चा अंदाज ८० कोटींच्या आसपास आहे. भारतात हे प्रमाण २०११-१२ मध्ये २७.१ टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात पाहणीची पद्धत बदलली, म्हणून दशांशावर भांडू नका. दिशा मात्र खरी आहे. जगातल्या या घसरणीत सर्वांत मोठा वाटा चीनचा. तिथे गेल्या चाळीस वर्षांत ८० कोटींच्या घरात माणसं जुन्या रेषेच्या वर आली. आधी जमीन कुटुंबांकडे कसायला दिली, मग कारखाने आले, मग माणसं शहराकडे निघाली. कुठल्या देणगीदाराने ते घडवलं नाही.

आणि देणगीची रक्कम मुळात केवढी? २०२३ मध्ये सगळ्या श्रीमंत देशांनी मिळून सगळ्या गरीब देशांना जी सरकारी मदत दिली, ती सुमारे २२३ अब्ज डॉलर होती. त्याच वर्षी परदेशात राबणाऱ्या आपल्या लोकांनी एकट्या भारतात १२० अब्ज डॉलरच्या आसपास पैसे घरी धाडले. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरवलं. पन्नास वर्षं उलटली, सगळे मिळून २०२३ मध्येही त्याच्या निम्म्याच्याच आसपास घुटमळत होते. एवढ्याशा पैशाने जग बुडतं किंवा तरतं असं म्हणणारे दोन्ही तट पैशाला अंमळ जास्तच मान देतात.

आता आपल्या मुलखात येऊ.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. रेशनवर 'मिलो' मिळायची, अमेरिकेतली लाल ज्वारी. आमची आई कळण्याची भाकर डोळे मिटून थापायची, पण मिलोच्या पिठाला चिकटपणाच नाही. थापता थापता कडेने फाटायची. तव्यावर टाकली की दोन तुकडे. आई ते तुकडेच शेकायची आणि आम्ही ते पाण्यात भिजवून, मिरचीच्या ठेच्याबरोबर खायचो. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळायची, तिच्या आशेने आम्ही पोरं कामावर डबा घेऊन जायचो. मिलोला सगळं गाव नावं ठेवायचं. पण त्या वर्षी आमच्या गल्लीत कुणी भुकेने मेलं नाही.

बाहेरच्या धान्याची सवय देशाला त्याच्याही आधीपासून लागली होती. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली १९५६ पासून गहू येत होता, आणि साठीच्या दशकातल्या दुष्काळांत अमेरिकेच्या अध्यक्षांनी, लिंडन जॉन्सन यांनी, तो मुद्दाम महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. आपलं शेतीधोरण आणि व्हिएतनामबद्दलचं बोलणं, दोन्हींवर त्यांचं लक्ष. वर्गातला जो तट लाचारी म्हणतो, त्याला हे उदाहरण फुकट देऊन टाका. ते खरं आहे.

पण ज्वारीचीच दुसरी गोष्ट ऐका. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण आलं. आपल्याकडे त्याला कुणी सीएसएच म्हटलं नाही, 'हायब्रीड' म्हटलं, आणि पुढे तो शब्द ज्वारीपासून पोरांपर्यंत सगळ्यांना चिकटला. ते वाण आपल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने तयार केलं. त्याची मादी ओळ अमेरिकेतली, नर ओळ इथे पारखून निवडलेली. चवीला गावरान दादर ज्वारीची सर नाही, आमचे आजोबा तर ती गुरांपुढे टाका म्हणायचे. पण कमी दिवसांत येणारी आणि एकरी उतारा चांगला देणारी ज्वारी कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात आली. मिलो खाल्ली आणि संपली. बियाणं तयार करायची विद्या मात्र इथेच राहिली, विद्यापीठांत, बीज महामंडळात, पुढे खासगी कंपन्यांत. दोन्ही ज्वारीच, आणि दोन्हींत अमेरिकेचा हात. एकीने जीव वाचवला, दुसरीने पुढल्या वर्षी मिलो मागायची गरज कमी केली. मदतीबद्दल बोलताना या दोन ज्वारी एकाच पोत्यात भरू नका, एवढंच मला तुमच्या वर्गाला सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

१९७२ च्या त्याच दुष्काळातून तिसरी गोष्ट निघाली, ती पूर्ण आपली. ऐन उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लाखांच्या घरात माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिचा पैसा कुठून आला? १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून जो व्यवसाय कर कापतात, तो मूळ याच योजनेसाठी. म्हणजे दादर-परळच्या कारकुनाने साक्रीच्या मजुराला हाजरी दिली, मध्ये कुणी परदेशी नाही. ही सुद्धा मदतच झाली, फक्त ती मागणाऱ्याला हक्काने मागता येत होती. मस्टरवर नाव नाही लागलं तर माणूस तहसीलदाराच्या दारात जाऊन बसायचा. परदेशी संस्थेने प्रकल्प गुंडाळला तर त्याने कुणाच्या दारात बसावं? अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अँगस डीटन मदतीवर जो मुख्य आक्षेप घेतात तो हाच आहे: बाहेरून पैसा येत राहिला की सरकारचं तोंड आपल्या लोकांकडून वळून देणाऱ्याकडे जातं. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत तसं झालं. भारतात मदतीचा वाटा सरकारी तिजोरीच्या मानाने बहुतेक काळ लहान होता, म्हणून आपण त्यातून बरेचसे वाचलो.

आपण वाचलो, पण मणिबेली वाचलं नाही. अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं हे गाव, तेव्हा धुळे जिल्ह्यात, कारण नंदुरबार जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचं होतं. सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांची ३३ गावं बुडिताखाली येणार होती, त्यात मणिबेली पहिलं. पैसा द्यायच्या आधी कुणाची किती जमीन जाणार, वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला काय मिळणार, हे नीट मोजलंच गेलं नव्हतं. आंदोलन पेटल्यावर बँकेने स्वतःच ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने जून १९९२ मध्ये स्पष्ट लिहिलं की पुनर्वसन या पद्धतीने होणं शक्य नाही, बँकेने मागे सरावं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज आपणहून नाकारलं. धरण पुढे आपल्याच पैशाने झालं, हे ही सांगायला हवं. पण त्याच वर्षी बँकेला लोकांच्या तक्रारी ऐकणारं स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापन करावं लागलं, आणि १९९४ मध्ये मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा अशी मागणी जगभरच्या संघटनांनी केली, ती 'मणिबेली जाहीरनामा' याच नावाने. जिथे तेव्हा धड रस्ता नव्हता, त्या गावाचं नाव वॉशिंग्टनच्या दप्तरात लागलं. परदेशी पैशाने विकास येतो तेव्हा तो कुणाच्या शेतावरून येतो, हे विचारायची सवय जगाला लावण्यात आपल्या सातपुड्यातल्या माणसांचा मोठा हात आहे. अर्थशास्त्र शिकवताना हे आवर्जून सांगायला हवं. बहुधा सांगत नाहीत.

आता जे मी स्वतःच्या हाताने केलं, त्याबद्दल जरा ऐसपैस बोलतो.

इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात जर्मन सरकारचा पैसा त्यांच्या केएफडब्ल्यू बँकेकडून नाबार्डकडे आणि तिथून गावच्या पाणलोट समितीच्या खात्यावर येई. पैशाच्या आधी अटी येत. गावाने श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी पाळायची, चराईबंदी पाळायची, आणि काम माथा ते पायथा करायचं. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यात बंधारा. पुढाऱ्यांना सगळ्यांत आवडतो तो बंधारा, कारण त्यावर पाटी लावता येते. चरावर कोण पाटी लावणार? प्रत्येक गटावर नवरा-बायको दोघांना सोबत घेऊन फिरायचं, पारदर्शक नळीत पाणी भरून समपातळी काढायची, चुन्याची फक्की टाकायची, आणि या शेतात काय काम करायचं ते तिथल्या तिथे कागदावर लिहून दोघांची सही किंवा अंगठा घ्यायचा. बायको हजर नसली की नवरा म्हणायचा, "इथे बांध घाला." ती असली की म्हणायची, "तिथे नको, तिथून मी पाण्याला जाते."

साक्री तालुक्यातल्या एका गावात चराईबंदीच्या ठरावाची ग्रामसभा होती. सगळे हात वर. मागच्या ओट्यावर एक म्हातारी बसलेली, भूमिहीन, आठ बकऱ्यांची धनीण. तिने विचारलं, "मंग मन्या बकऱ्या मी कोठे चारू, भाऊ?" सभेत कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. चर खणले गेले, तिसऱ्या वर्षी विहिरींना मार्चपर्यंत पाणी टिकायला लागलं, कांदा निघायला लागला, गावाचा फायदा झाला हे नाकारता येणार नाही. पण फायदा ज्याची विहीर त्याचा. त्या म्हातारीने पहिल्याच वर्षी पाच बकऱ्या विकल्या. नंतर आम्ही शिकलो. डोंगरावरचं गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीनांना, चराईबंदी एकदम न करता डोंगराचे भाग पाडून आळीपाळीने, आणि चराच्या मजुरीत आधी त्यांचं नाव. कुठल्या तज्ज्ञाने नाही, त्या बाईने शिकवलं. तिच्या बकऱ्या मात्र परत आल्या नाहीत.

म्हणूनच 'गावाचा विकास झाला' हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, गावात कुणाचा? त्याच तालुक्यातलं बारीपाडा हे उलट बाजूचं उदाहरण. तिथल्या लोकांनी नव्वदीच्या दशकात स्वतः नियम करून जंगल राखलं, मोडणाऱ्याला दंड लावला, श्रमदान केलं. त्या कामाचे प्रमुख चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे आधी गाव ठरलं, पैसा मागून आला. जिथे पैसा आधी येतो तिथे समितीची सभा चहापुरती होते.

जुन्या मोटरीचं उदाहरण देतो, तुमच्या घरी शेती असेल तर लगेच कळेल. विहिरीवरची मोटर हवा धरते. नुसतं बटण दाबून पाणी उचलत नाही. मग वरून दोन-चार घागरी पाणी पाइपात ओतावं लागतं, मोटर चालू केली की ती स्वतःच खालचं पाणी ओढायला लागते. मदत म्हणजे ती वरची घागर. पण पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फूटवॉल, गळका असेल तर वरून टँकर ओता, पाणी विहिरीतच जाणार. गावची समिती, तलाठ्याचं दप्तर, बँकेची शाखा, वेळेवर येणारी नर्स, हा तो फूटवॉल. आणि विहिरीतच पाणी नसेल, म्हणजे कामधंदाच नसेल, तर फूटवॉल नवा असून काय उपयोग?

गळक्या फूटवॉलचे नमुने माझ्याकडे पोतंभर आहेत. एका प्रकल्पात (नाव घेत नाही, त्या नोकरीवर माझं घर चाललं आहे) सातपुड्यातल्या पाड्यांवर संकरित गाई दिल्या. हिरवा चारा नाही, डेअरी तीस किलोमीटरवर, डॉक्टर आठवड्यातून एकदा. वर्षाच्या आत निम्म्या गाई खाली बाजारात. दुसऱ्या एकाने एकाच गावात तीस बायकांना शिवणकाम शिकवून तीस मशीन वाटली. गावाला शिंपी लागत होते दोन. उरलेल्या अठ्ठावीस मशीनवर आज टीव्ही ठेवलेले आहेत. अहवालात मात्र 'तीस महिला स्वावलंबी'. अहवाल इंग्रजीत, त्या तीस जणींपैकी एकीलाही वाचता न येणारा.

मग अतिगरिबाला नेमकं काय दिलं की तो उठतो? यावर आता चांगला अभ्यास झाला आहे. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ पासून एक पद्धत चालवली: एक-दोन बकऱ्या किंवा गाय, पहिले काही महिने खायला थोडा भत्ता, बचतीची सवय, आणि दीड-दोन वर्षं दर आठवड्याला घरी येणारा माणूस. हे सगळं एकत्र. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत मिळून सुमारे साडेदहा हजार कुटुंबांवर ते तपासलं गेलं. ज्यांना ते मिळालं आणि ज्यांना नाही, अशी चिठ्ठ्या टाकून तुलना. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही त्या घरांचं खाणं, कमाई आणि जनावरं जास्त होती. त्या अभ्यासात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. भारतातला भाग पश्चिम बंगालचा, आणि तिथे दहा वर्षांनीही फरक टिकलेला दिसला. मला त्यातली बकरी तितकी महत्त्वाची वाटत नाही, दर आठवड्याला येणारा माणूस वाटतो. बकरी आजारी पडली तर विकू नको, आधी औषध दे, हे सांगणारं कुणीतरी. अहवालात या माणसाचा पगार 'प्रशासकीय खर्च' म्हणून दाखवतात आणि वाचवायचं म्हटलं की पहिली कात्री तिथेच लागते.

बचत गटांतही हेच पाहिलं. धडगावकडच्या एका पाड्यावर पावरा आदिवासी बायकांचा गट. दर सोमवारी दहा रुपये, पत्र्याची पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. सहा महिन्यांनी पहिलं कर्ज द्यायची वेळ आली. आम्ही मनात शेळीपालनाची यादी घेऊन गेलो होतो. पहिल्या बाईने पैसे मागितले चांदी सोडवायला. पेरणीच्या वेळी तिचे कडे आणि साखळी सावकाराकडे गेलेली, व्याज महिन्याला शेकडा दहा. गटाचं व्याज शेकडा दोन. दुसरीही तेच, तिसरीही. आमच्या साहेबांच्या तक्त्यात 'चांदी सोडवणे' असा रकानाच नव्हता. पण ज्या दिवशी सावकाराचं व्याज थांबलं, त्या दिवसापासून त्या घरात कमाई सुरू झाली असं मी मानतो. पुढे माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) तेजस्विनी कार्यक्रमाने, ज्याला संयुक्त राष्ट्रांच्या इफाड या संस्थेचं कर्ज होतं, २००७ पासून राज्यभर असे गट बांधले आणि त्यांची लोकसंचालित साधन केंद्रं उभी केली. इफाडचा पैसा २०१८ मध्ये संपला. केंद्रं पुढेही चालू राहिली, कारण तोवर ती गटांकडून सेवाशुल्क घ्यायला शिकली होती. हायब्रीडच्या जातीची मदत ती अशी.

आरोग्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथे वादाला फारशी जागा नाही. नव्वदीत आग्रा रोडवर, शिरपूरपासून धुळ्यापर्यंतच्या ढाब्यांवर, एड्सची भीती काय होती ते आमच्या वयाच्या माणसाला विचारा. राष्ट्रीय एड्स कार्यक्रम १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जावर सुरू झाला. एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यात एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी, औषधं फुकट मिळू लागली, त्यात पुढे ग्लोबल फंड या एड्स, क्षय आणि मलेरियासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीचा मोठा हात होता. बाजाराने ही औषधं ट्रकच्या क्लीनरला कधीच दिली नसती. लसी, क्षयाची औषधं, पोलिओ, इथे बाहेरच्या पैशाने जीव वाचले, मोजून दाखवता येतील इतके.

आता आर्थिक वाढीकडे, आणि तिच्याही डागांकडे. खान्देशातल्या हजारो घरांची गरिबी कुठल्या प्रकल्पाने नाही, सुरतने हटवली. भुसावळ-सुरत लाइनवर पॅसेंजर पकडायची, उधना नाहीतर लिंबायतमध्ये गाववाल्याकडे उतरायचं, लूमवर किंवा हिऱ्यात लागायचं. "पोर्‍या सुरतले गया" म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. त्या पैशाने इथे पत्र्याची घरं सिमेंटची झाली, बहिणींची लग्नं झाली, बोअर लागले. तिकडे जळगावात रावेर-यावलच्या पट्ट्यात ठिबक आणि टिश्यू कल्चरची केळी आली. ग्रँड नैन वाण बाहेरचं, ठिबकची विद्या इस्रायलमधून शिकलेली, पण उभं केलं इथल्या शेतकऱ्याने आणि इथल्याच उद्योगाने.

पण मग नंदुरबार? सुरतपासून हाकेच्या अंतरावर असलेला जिल्हा. नीती आयोगाने २०१५-१६ च्या पाहणीवरून बहुआयामी गरिबी मोजली तेव्हा राज्यात सर्वांत गरीब हाच निघाला, ५२ टक्के. धुळे ३३ टक्के. वाढ शेजारून गेली आणि डोंगरात चढलीच नाही. चढली ती उलट्या रूपात. दिवाळी झाली की अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर ट्रक येतात, मुकादम 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात आणि दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडावर जातात. पोरं सोबत, शाळा बंद. होळीला परततात तेव्हा हिशेब होतो आणि बऱ्याचदा उचल फिटलेली नसते. पुढच्या वर्षाची बांधीलकी झाली. बारडोलीचा साखर कारखाना वाढला, देशाच्या उत्पन्नात भर पडली, या घरात नाही. लूमवर गेलेला आणि फडावर गेलेला, दोघंही गुजरातलाच गेले. फरक एवढाच की एकाकडे दहावीची मार्कशीट आणि लिंबायतमध्ये मामा होता, दुसऱ्याकडे सावकाराचं देणं होतं.

इथे वाढ आणि मदत यांचा खरा सांधा आहे. वाढ पाट काढून देते, पण ज्याच्या शेतात पाणी घ्यायला बारी नाही त्याला पाणी मिळत नाही. बारी म्हणजे शाळा, जातीचा दाखला, वनहक्काचा पट्टा, बँकेचं खातं, अंगणवाडी, पावसाळ्यात न तुटणारा रस्ता. ते करून द्यायला सरकारचा पैसा लागो की बाहेरचा, तो त्यासाठी लागला तर सार्थकी. आणि पद्धतही बघावी लागते. बऱ्याच अनुदान योजनांत, परदेशी कर्जातून चालणाऱ्यांतही, आधी शेतकऱ्याने पदरचा खर्च करायचा, मग मोका तपासणी, मग अनुदान खात्यावर. भ्रष्टाचार कमी होतो, मान्य. पण आधी खर्च करायला ज्याच्याकडे पैसे आहेत तो अतिगरीब नसतो.

"मदत थांबली तर?" हा तुमच्या दुसऱ्या तटाचा प्रश्न. देश म्हणून भारत त्या टप्प्यातून बाहेर आला आहे. २००३ मध्येच आपण बहुतेक देशांना सांगितलं की तुमची छोटी मदत नको; ब्रिटनची अनुदानं २०१५ मध्ये संपली; जागतिक बँकेच्या गरिबांसाठीच्या सवलतीच्या खिडकीतून आपण २०१४ मध्ये बाहेर पडलो. उलट १९६४ पासून आपण इतर देशांच्या लोकांना प्रशिक्षण देतो, कर्जं देतो. दक्षिण कोरिया तर युद्धानंतर अमेरिकेच्या पैशावर जगत होता, तो २०१० पासून देणाऱ्या देशांच्या मंडळात बसतो. पण २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदत संस्था यूएसएड मोडीत काढली तेव्हा सगळ्यांत जास्त फटका बसला तो आफ्रिकेतल्या दवाखान्यांना, जिथे औषधांचं दुसरं खातंच नव्हतं. एका रात्रीत घागर काढून घेतली, मोटर अजून पाणी धरायची होती.

आपल्याकडे फटका वेगळ्या वाटेने बसला. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला. आता प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आतच, आणि एका संस्थेला आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. हिशेब स्वच्छ हवा याबद्दल माझी तक्रार नाही, खोटी बिलं लावणारे मी पाहिले आहेत. पण तालुक्याच्या छोट्या संस्था पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या पैशावरच चालत होत्या. त्या बंद पडल्या, आणि त्यांच्यासोबत दर आठवड्याला पाड्यावर जाणारा तो माणूस गेला.

तुम्हाला क्षेत्रकार्य करायचंच असेल तर दिवाळीनंतरच्या आठवड्यात धडगावला या. मोलगीच्या रस्त्यावर पहाटे ट्रक भरताना दिसतील, तव्यापासून कोंबड्यांपर्यंत सगळा संसार वर. त्याच दिवशी दुपारी एखाद्या जुन्या बचत गटाची वही मागा आणि गटातल्या किती घरांनी यंदा उचल घेतली ते विचारा. जिथे गट पंधरा वर्षं टिकला आहे आणि जिथे तो तीन वर्षांत मोडला, असे दोन पाडे निवडा आणि दोन्हीकडे ट्रकमध्ये चढलेल्या पोरांची मोजणी करा. वही मागताना अध्यक्षीणबाईंनाच मागा, सचिवाला नको. सचिव बहुतेक वेळा कुणाचा तरी नवरा असतो.